कोलेस्टेरॉल ‘किती’ नको, ‘कुठे’ विचारा : पेशींच्या लॅबमधलं माझं पहिलं वर्ष

पीएचडीला लागल्यावर पहिल्याच दिवाळीत मामींनी मामांचा लिपिड प्रोफाइल माझ्यासमोर ठेवला. “अगं, तू कोलेस्टेरॉलवाली ना? बघ जरा, एलडीएल १६८ आलंय.” आकडा जास्त आहे एवढं मलाही कळत होतं. पण माझं काम सुरू होतं ते रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत शिरल्यानंतर, आणि ते फराळाच्या ताटावर सांगायचं कसं, हे तेव्हा सुचलं नाही.

या विषयात नवीन असाल तर आधी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या संशोधकांचे डॅलसमधले १९७०च्या दशकातले प्रयोग समजून घ्या. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमियात, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल खूप वाढवणाऱ्या आनुवंशिक आजारात, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या, तर अगदी लहान वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णांच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी या दोघांनी बशीत वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं आवरतं घेत. रुग्णाच्या पेशी मात्र बनवतच राहत. मग दोष बनवणाऱ्या एन्झाइमचा, म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेजचा? त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून थेट पेशींना दिलं, तर रुग्णाच्या पेशीही गुमान थांबल्या. म्हणजे आतली यंत्रणा शाबूत होती, दारच नव्हतं. ते दार म्हणजे एलडीएल रिसेप्टर, पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत घेणारं प्रोटीन. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. माझ्या मते आख्ख्या विषयात याच्याइतका देखणा कंट्रोल, म्हणजे ताडून बघायचा प्रयोग, दुसरा नाही.

माझ्या वाट्याला आला नीमन-पिक सी हा दुर्मिळ आजार. इथे दार ठीक असतं. एलडीएल आत येतं, लायसोसोमपर्यंत, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीपर्यंत, पोचतं, सुटं कोलेस्टेरॉल तयारही होतं. पण ते बाहेर काढणारं एनपीसी१ किंवा एनपीसी२ प्रोटीन बिघडलेलं असल्यामुळे तिथेच तुंबतं. आता गंमत बघा. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं आहे की नाही, हे ठरतं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर. तिथल्या लिपिडांत कोलेस्टेरॉलचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांखाली गेलं की एसआरईबीपी-२ हे जनुकं चालू करणारं प्रोटीन गॉल्जी या पेशीतल्या दुसऱ्या भागाकडे निघतं, तिथे कापलं जातं आणि केंद्रकात जाऊन नवं कोलेस्टेरॉल बनवायची, नवे रिसेप्टर बसवायची जनुकं चालू करतं. कणगी भरून वाहतेय आणि घरात दाणा नाही म्हणून आणखी पोती मागवली जातायत, असा प्रकार. इकडे लहान मेंदूतल्या पेशी मरत जातात, तोल जातो, नजर वर-खाली नीट फिरत नाही. आणि मामांच्या हातात होता तसल्या रिपोर्टवरून याचं निदान होत नाही.

आता टेबलावरच्या गोष्टी. तुंबलेलं कोलेस्टेरॉल दिसतं ते फिलिपिनमुळे. फिलिपिन्सच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं हे द्रव्य सुट्या कोलेस्टेरॉलला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात निळं चमकतं. माझ्या पहिल्या तिन्ही स्लाइड कोऱ्या आल्या. निरोगी पेशी आणि रुग्णाच्या पेशी सारख्याच फिकट. फिलिपिन जुनं असेल म्हणून नवं मागवलं, दोन आठवडे गेले. शेवटी सीनियरनं वही उघडली आणि विचारलं, “फिक्स कशात केल्यास?” म्हणजे पेशी आहेत तशा थिजवायला काय वापरलंस? मिथेनॉल! अँटिबॉडीनं पेशी रंगवायच्या प्रोटोकॉलमधून तसंच उचललं होतं. मिथेनॉल लिपिड विरघळवून नेतं. जे बघायचं तेच मी धुऊन टाकत होते. तुपाचं भांडं घासलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. तेव्हापासून फक्त पॅराफॉर्माल्डिहाइड. पडदा सच्छिद्र करायला वापरतात तो ट्रायटन हा डिटर्जंटही नको, फिलिपिन स्वतःच पडद्याला भोकं पाडतं.

शिवाय फिलिपिन उजेडात भराभर विझतं. फोकस जमवत बसलात तर फोटो काढेपर्यंत तिथलं निळं गेलेलं असतं. स्लाइडच्या कडेला फोकस लावा, मग न पाहिलेल्या जागी सरका आणि लगेच फोटो घ्या. एक्स्पोजर एकदा ठरवलं की दोन्ही नमुन्यांना तेच. कुठली स्लाइड कुणाची ते झाकून मोजायचं. मला हे पटायला वेळ लागला, कारण रुग्णाच्या पेशींचा फोटो ‘छान’ यावा म्हणून माझा हात आपोआप एक्स्पोजरच्या बटणाकडे जायचा.

सीरमकडेही लक्ष द्या. पेशी वाढवायच्या द्रवात नेहमी घालतो त्या १० टक्के एफबीएसमध्ये, म्हणजे गाईच्या गर्भाच्या सीरममध्ये, एलडीएल असतंच, त्यामुळे पेशी खाऊनपिऊन बसलेल्या असतात आणि रिसेप्टर वाढलेले दिसत नाहीत. आदल्या दिवशी त्यांना लिपोप्रोटीन (एलडीएलसारखे कण) काढलेल्या सीरमवर ठेवा, मग मोजून एलडीएल द्या. सीरमचा लॉट नंबर वहीत लिहा; बाटली बदलली की निकाल हलू शकतात, आणि तेव्हा तोच नंबर शोधत बसावं लागतं.

रुग्णाच्या पेशी मिळत नसतील तरी अडून राहू नका. यू१८६६६ए नावाचं रसायन रात्रभर दिलं की साध्या पेशींतही एनपीसी१ अडतं. सकाळी फिलिपिन घालून बघितलं की केंद्रकाभोवती निळ्या ठिपक्यांचा गच्च पुंजका दिसतो. हातात खरा नमुना यायच्या आधी हा चार-पाच वेळा करून ठेवा.