दगडी पुलाच्या दरजा चुन्यानेच भरा

सोलापूरकडच्या नद्या-ओढ्यांवरचे जुने कमानी पूल काळ्या पाषाणाचे. हा दगड पाणी जवळजवळ पीत नाही. पुलाच्या पोटातल्या भरावात मुरलेलं पाणी बाहेर पडतं ते दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, आणि मोऱ्यांतून. तिथे सिमेंट थापलं की वाट बंद. भराव फुगतो, कठड्याखालची भिंत बाहेर ढकलली जाते, आतला जुना चुना धुपत राहतो. वरून मात्र पूल नवाकोरा दिसतो, आणि हेच सगळ्यात वाईट.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. चुना धरण्याआधीच सुकतो, नखाने खरवडला तरी भुगा पडतो. भीमेच्या पात्रात परांची बांधणार असाल तर उजनी धरणातून पाणी कधी सुटणार ते आधी विचारा. पावसाळ्याबाहेरही पाणी सोडतात.

कळीचा चुना (भट्टीतून आलेला, न विझवलेला) किमान दोन आठवडे आधी विझवा. पिंपात आधी पाणी, मग थोडाथोडा चुना. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. चाळून घेतलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवा.

कोरड्या भागाला १ भाग चुना आणि २ ते ३ भाग धुतलेली खरबरीत वाळू. पाण्यात उभ्या खांबांना हा माल टिकत नाही; तिथे चुना, सुरखी (विटांची भुकटी), वाळू १:१:१. सुरखी जास्त भाजून जळक्या झालेल्या विटेची नको, ती चुन्याशी नीट बांधली जात नाही.

दरज छिन्नीने उकरा, ग्राइंडरने नाही. दगडाची उडालेली कड परत येत नाही. खोली रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर. धूळ धुऊन दगड आदल्या दिवसापासून भिजवा. माल घट्ट हवा: मुठीत गोळा व्हावा, तळहाताला चिकटू नये. १०-१२ मिलिमीटरचा एकेक थर दाबून भरा, रुंद जागी पाषाणाच्या कपच्या ठोका, कडेच्या किंचित आत थांबा. वर ओलं गोणपाट, दोन आठवडे.

कमानीत एका वेळी मीटरभरच उकरा, भरा, धरू द्या, मग पुढे. कळीचा दगड, म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा मधला दगड, खाली सरकलेला दिसला तर थापी खाली ठेवा. तिथे आधी ढोल्याचा (कमानीखालच्या तात्पुरत्या सांगाड्याचा) आधार लागतो, आणि तो निर्णय अभियंत्याचा.

पिंपळाचं रोप कधीही उपटू नका, मुळाबरोबर दगड हलतो. बुंध्याशी कापा, नवी फूट आली की पुन्हा कापा, आणि मुळं वाळल्यावरच ती दरज उकरायला घ्या.