यवतमाळकडच्या प्रवाशाने मुंबईच्या विमानाचे अंतर आणि वेळ कसा मोजावा

नागपूर ते मुंबई अंतर किती, या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात: रेल्वेने 837 किलोमीटर, समृद्धी महामार्गाची लांबी 701 किलोमीटर आणि हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. विमानाचा हिशेब करताना यांपैकी तिसरा आकडा धरावा.

हा आकडा शाळेतल्या गणिताने घरबसल्या काढता येतो. मोबाइलच्या नकाशात विमानतळावर बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश दिसतात. नागपूरचा सोनेगाव येथील विमानतळ साधारण 21.1 उत्तर, 79.05 पूर्व येथे आहे, तर मुंबईचा 19.1 उत्तर, 72.9 पूर्व येथे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवाकडे जवळजवळ येत जात असल्यामुळे आपल्या पट्ट्यात त्यांचा एक अंश सुमारे 104 किलोमीटरच भरतो. म्हणजे दक्षिणेकडे 222 आणि पश्चिमेकडे 640 किलोमीटर. दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की 677 येते. परदेशाच्या लांब अंतरासाठी पृथ्वीच्या गोलाईमुळे ही रीत चालत नाही. तेथे नकाशातील अंतर मोजण्याची सोय वापरावी.

आता वेळ. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरल्यास 680 किलोमीटरला 51 मिनिटे लागतात, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे व खाली उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवला की सुमारे एक तास वीस मिनिटे होतात. तिकिटावर याहून थोडा जास्त वेळ दिसतो, कारण तो विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजलेला असतो आणि मुंबईच्या आकाशातील गर्दीही त्यात गृहीत धरलेली असते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारे वाहत असल्याने मुंबईकडे जाताना काही मिनिटे अधिक लागतात, येताना तेवढीच वाचतात.

एप्रिल 2025 मध्ये अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी अंतर कमी म्हणजे वेळही कमी असे धरले. बेलोऱ्याहून मुंबईचे हवाई अंतर सुमारे 540 किलोमीटरच आहे, हे खरे. परंतु ही सेवा पंख्याच्या एटीआर विमानाने सुरू झाली आणि अशा विमानाचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणून आकाशातला वेळ नागपूरइतकाच किंवा किंचित जास्त होतो. फायदा होतो तो जमिनीवर. यवतमाळहून नागपूर सुमारे 150 किलोमीटर आहे आणि एसटीने साडेतीन-चार तास सहज जातात. बेलोरा यवतमाळहून याच्या जवळपास निम्म्याच अंतरावर, बडनेरा-यवतमाळ मार्गालगत आहे. मात्र विमान कोणत्या वारी आहे, हे तिकिटाआधी पाहावे.

एकूण वेळ काढताना गावापासून विमानतळापर्यंतचा वेळ, उड्डाणाआधीचे दोन तास, विमानाचा वेळ आणि मुंबईत सामान घेऊन बाहेर पडण्याचा पाऊण तास अशी बेरीज करावी. नागपूरमार्गे ती आठ तासांच्या घरात जाते. सामान स्वीकारणारी खिडकी सहसा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, त्यामुळे एसटी उशिरा येण्याची शक्यता धरून एक गाडी आधीचीच पकडावी. परतीचे विमान रात्री उतरणार असेल, तर नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावरून आपल्या तालुक्याची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारून ठेवावे.