काळा दगड की मालाड दगड? बेसॉल्ट आणि ट्रॅकाइट कसे ओळखावेत

मुंबईतली एखादी जुनी दगडी भिंत काळी दिसली म्हणून ती बेसॉल्टची असं धरून चालू नका. शेवाळ आणि काजळीचे थर चढले की फिका पिवळसर मालाड दगडही काळवंडतो. दोन्ही दगड ज्वालामुखीचेच आणि दोन्हींचे कण बारीक. फरक घटकांत आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) साधारण 45 ते 52 टक्के आणि लोह-मॅग्नेशियम भरपूर. मालाड दगड म्हणजे ट्रॅकाइट. त्यात सिलिका 60 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त, लोह कमी, सोडियम-पोटॅशियम अधिक. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट आणि मालाडचा फिका ट्रॅकाइट दोन्ही वापरले आहेत. नजर बसवायची तर तिथूनच सुरुवात करावी.

बेसॉल्टचा नमुना मिळवणं सोपं आहे: बांधकामाच्या मोठ्या खडीतला खडा घ्या. ट्रॅकाइटसाठी जुन्या इमारतीच्या दुरुस्तीतला राडारोडा बघा, कंत्राटदाराला विचारून. अंधेरीचा बेसॉल्टचा कडा गिल्बर्ट हिल किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हातोडा चालवू नका.

डोळ्यांवर गॉगल चढवून दगड फोडा आणि आतली ताजी बाजूच बघा. बेसॉल्टची बाहेरची साल लोह गंजल्यामुळे तपकिरी होते, म्हणून वरच्या रंगाने फसायला होतं. दहापट भिंगाखाली बेसॉल्ट गडद करडा दिसतो, अधूनमधून झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेली छिद्रं असतात. ट्रॅकाइट पिवळसर किंवा करडा-पांढरा, त्यात फेल्डस्पार या खनिजाचे चपटे, चमकणारे स्फटिक दिसू शकतात. काचेसारखे क्वार्ट्झचे दाणे दिसले तर मात्र तो रायोलाइट (सिलिका आणखी जास्त असलेला ज्वालामुखीचा दगड) असण्याची शक्यता धरा. मढ-गोराईकडे तोही सापडतो. दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक बेसॉल्टकडे ओढलं जातं, पण ट्रॅकाइटमध्येही थोडं मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) असू शकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

खरा निकाल वजनावर. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, फक्त एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. छिद्रं नसलेला 300 ते 500 ग्रॅमचा तुकडा धुऊन, पूर्ण वाळवून तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकत धरा. आता काटा दाखवतो तेवढे ग्रॅम म्हणजे दगडाने सारलेलं पाणी. कोरड्या वजनाला त्याने भागा. 435 ग्रॅमचा तुकडा 150 दाखवत असेल तर घनता 2.9, म्हणजे बेसॉल्ट. 390 ग्रॅमचा तुकडाही 150 च दाखवत असेल तर 2.6, म्हणजे ट्रॅकाइटकडचा.

चुका ठरलेल्या असतात. दगड तळाला टेकला तर त्याचं वजनही काट्यावर येतं आणि घनता कमी निघते. अंगाला चिकटलेल्या बुडबुड्यांनीही तेच होतं, म्हणून बुडवल्यावर दगड हलकेच हलवा. सच्छिद्र किंवा कुजलेला बेसॉल्ट तर सरळ 2.5 सुद्धा दाखवील. असा तुकडा बाजूला ठेवून दुसरा घ्यावा, गणितात वेळ घालवू नये.

ताज्या, घट्ट दगडाचा आकडा 2.65 ते 2.75 च्या मध्ये अडकला तर घरच्या तपासण्या पुरत नाहीत. मग दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ते काम भूशास्त्राच्या प्रयोगशाळेचं.