पी23ची अँटीबॉडी वापरताय? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडची पोरं आता कॅन्सरवर काम करतात, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्याच त्या चुकांत त्यांचे महिने वाया गेलेले बघवत नाहीत.

पी23 हे पेशीतलं एक प्रोटीन, आणि अँटीबॉडी म्हणजे नेमकं त्यालाच धरून दाखवणारं हत्यार. पहिला घोळ ती ऑर्डर करतानाच होतो. आपल्याला हवा असतो एचएसपी90चा (इतर प्रोटीनांची घडी नीट ठेवणारं प्रोटीन) को-चॅपरोन, म्हणजे त्याचा मदतनीस, पीटीजीईएस3. स्टेरॉइड रिसेप्टरला हार्मोन धरण्याजोगं ठेवणारा हाच, आणि डीएनएवर बसलेलं रिसेप्टरचं कॉम्प्लेक्स सुटायलाही मदत करणारा हाच. पण गॉल्जीच्या (पेशीतून प्रोटीनं पाठवणारं केंद्र) वाहतुकीतल्या टीएमईडी10 या वेगळ्याच प्रोटीनलाही पी23 म्हणतात, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीनं आकाराने वेगळी करून अँटीबॉडीने दाखवायची चाचणी) दोघांचे बँड, म्हणजे पट्टे, जवळजवळ एकाच उंचीवर येतात. कॅटलॉगात नुसतं ‘पी23’ टाकून ऑर्डर देऊ नका. यूनिप्रॉट (प्रोटीनांची जागतिक यादी) क्रमांक क्यू15185 आहे का, ते बघा. बाटली आली की आधी सायआरएनएने (जीन दाबणारा छोटा आरएनए) जीन दाबून बँड फिका होतो का, ते तपासा.

आयपीतली (अँटीबॉडीने एक प्रोटीन ओढून त्याला चिकटलेलंही बाहेर काढणं) चूक याहून महागात पडते. धुळ्याची एमएस्सीची एक मुलगी ब्लॉट घेऊन आली होती. एमसीएफ-7 पेशी (स्तनाच्या कॅन्सरच्या), एचएसपी90च्या अँटीबॉडीने आयपी, ब्लॉट पी23चा. 25 किलोडाल्टनजवळ जाडजूड बँड. “सर, जेल्डानामायसिन देऊनही पी23 सुटत नाही,” म्हणाली. एचएसपी90 रोखणाऱ्या या औषधाने तो एचएसपी90पासून सुटायलाच हवा.

“ताई, साध्या आयजीजीची लेन कुठंय?”

नव्हती. साधी आयजीजी म्हणजे एचएसपी90ला न धरणारी अँटीबॉडी; तिच्या लेनमध्ये, म्हणजे जेलच्या रांगेत, पी23 दिसायला नको. ती चालवायला लावली, तर तिथेही तोच बँड. ती आयपीतल्या अँटीबॉडीचीच लाइट चेन (लहान साखळी) होती. ती 25ला उतरते, पी23 तिच्या अगदी लगत. तिच्या दोन्ही अँटीबॉडी उंदराच्या, मग सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला धरून बँड दाखवणारी अँटीबॉडी) लाइट चेनलाही धरणारच. मी आयपी सशाच्या अँटीबॉडीने करतो, ब्लॉट उंदराच्या, आणि सेकंडरी फक्त उंदराची हेवी चेन (मोठी साखळी) ओळखणारी घेतो. बफरमध्ये 20 मिलिमोलर सोडियम मॉलिब्डेट घालतोच, नाहीतर धुताना कॉम्प्लेक्स सुटतं. आयजीजीची लेन वाचवून कुणाचा वेळ वाचलेला मी पाहिलेला नाही.

प्रोटीन लहान आहे, ब्लॉटचं मेम्ब्रेन 0.2 मायक्रॉन छिद्रांचंच घ्या. एचआरपी (बँड उजळवणारं एन्झाइम) असेल तिथे सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते) नको.

वेस्टर्नला चालली म्हणून तीच अँटीबॉडी चिपला (डीएनएवर प्रोटीन कुठे बसलंय ते पाहायची चाचणी) चालेल, असं धरून चालू नका. पी23 स्वतः डीएनएला चिकटत नाही, त्यामुळे त्याला तिथे जोडून ठेवायला नुसतं फॉर्मल्डिहाइड बऱ्याचदा कमी पडतं. मी आधी डीएसजी (प्रोटीनं एकमेकांना जोडणारं रसायन) देतो.

औषधाने पेशी मरत असतील तर कॅस्पेझ (मरत्या पेशीतली प्रोटीनं कापणारे एन्झाइम) पी23चं शेपूट तोडतात. तुमची अँटीबॉडी त्या शेपटावरच बसणारी असेल, तर तुकडा दिसणारच नाही आणि तुम्ही “पी23 कमी झालं” लिहून मोकळे व्हाल. एपिटोप (अँटीबॉडी धरते ती जागा) कुठला, ते कंपनीला विचारा.

आणि मे महिन्यात शुक्रवारी निघणारं पार्सल घेऊ नका. भुसावळ-जळगावच्या उन्हात शनिवार-रविवार गोदामात पडलेल्या खोक्यातला बर्फ टिकत नाही. मी सोमवारीच पाठवायला सांगतो, आणि आल्या दिवशीच छोटे भाग करून ठेवतो.