बॅटरी उतरली, गाडी उघडेना? या चुका टाळा

रिमोट दाबला आणि गाडी ढिम्म. इथे पहिली चूक होते ती कुठली बॅटरी गेली हे न बघताच धावाधाव करण्याची. रिमोटमध्ये ३ व्होल्टचा बटण सेल असतो आणि गाडीत १२ व्होल्टची बॅटरी. काचेला डोळा लावून डॅशबोर्ड बघा. बऱ्याच गाड्यांत चोरीविरोधी यंत्रणेचा बारीक लाल दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर बहुतेक गाडीची बॅटरी शाबूत आहे, सेल संपलाय. एरवी लुकलुकणारा तो दिवा विझलेला असेल तर बहुतेक मोठी बॅटरी बसली आहे. इलेक्ट्रिक गाडीवाले इथे हमखास चकतात. गाडी पळवणारी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी दारांची कुलपं सहसा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात.

दोन्ही प्रकारांत बहुतेक गाड्यांना उपाय एकच: स्मार्ट रिमोटच्या पोटातली किल्ली. कडेची खटकी दाबून किंवा सरकवून ती ओढून काढा. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसत नसेल तर हँडलजवळची छोटी टोपी चाचपा. तिच्या खालच्या बाजूला खाच असते, तिथे किल्लीचं टोक घालून हलकेच उचका. काही गाड्यांत त्यासाठी हँडल बाहेर ओढून धरावं लागतं. मोठा स्क्रूड्रायव्हर लावलात तर टोपी तुटते, रंगही खरवडतो.

किल्ली फिरेना म्हणून जोर लावणं ही सगळ्यात महागडी चूक. वर्षानुवर्षं न वापरलेलं कुलूप आतून जाम झालेलं असतं. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत तर अधिकच. पातळ किल्ली पिळवटते, आणि तुटली की तुकडा आतच राहतो. भोकात थोडी ग्रॅफाइट पावडर सोडा, किल्ली पाच-सहा वेळा आतबाहेर करा, मग दोन्हीकडे हळूहळू हलवून बघा. खोबरेल किंवा इंजिन ऑइल नको, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. दर सहा महिन्यांनी एकदा दार किल्लीनेच उघडावं, ही सवय खरंच लावून घ्या.

काचेच्या फटीतून पट्टी किंवा तार घालू नका. दाराच्या आत वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सरही.

फक्त सेल संपला असेल तर किल्लीने दार उघडताच अलार्म वाजू शकतो. घाबरून पुन्हा दार लावू नका. बऱ्याच गाड्यांत ब्रेक दाबून रिमोट स्टार्ट बटणाला टेकवला की आतली चिप सेलशिवायही ओळखली जाते. नवा सेल घेताना जुन्यावरचा आकडा बघा. सीआर २०३२ च्या जागी सीआर २०२५ पातळ पडतो.

मोठी बॅटरी बसली असेल तर बॉनेट उघडा. त्याचा लिव्हर सहसा तारेवर चालतो, त्याला वीज लागत नाही. दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीतून वीज घ्यायच्या जंप केबलचा क्रम चुकवू नका: लाल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. या वेळी रिमोट खिशातच ठेवा, कारण वीज परत येताच काही गाड्या आपोआप लॉक होतात. बॅटरी डिकीत असेल तर काम संपेपर्यंत डिकी लावूच नका.

आत लहान मूल अडकलं असेल तर यातलं काहीही करत बसू नका. ११२ ला फोन लावा, मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात मारून फोडा.