ब्रिटनमध्ये मास्टर्स करताना दोन-तीन नोकऱ्या: २० तासांचा हिशोब

पुण्या-नाशकाहून लीड्स, लेस्टरला गेलेल्या पोरांना एकाच नोकरीत पुरेसे तास मिळतीलच असं नाही. कॅफे, केअर होममधली बरीच कामं झीरो-अवर करारावर, म्हणजे तासांची हमी नसलेली. या आठवड्यात १२ तास, पुढच्यात ४. मग लायब्ररीत थोडं, कॅफेत थोडं, केअर होममध्ये एखादी रात्र अशी जुळवाजुळव होते. प्रत्येक मॅनेजर आपापला रोटा (शिफ्टचं वेळापत्रक) बघतो. एकूण बेरीज ठेवायची ती तुम्हीच.

डिग्री किंवा त्यावरच्या पूर्णवेळ कोर्सला स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना सहसा आठवड्याला कमाल २० तास काम करता येतं, तेही सगळ्या नोकऱ्या मिळून. आठवडा सोमवार ते रविवार. सरासरी चालत नाही: मागच्या आठवड्यात १४ केले म्हणून या आठवड्यात २६ करता येत नाहीत. बिनपगारी कामही धरलं जातं. सगळ्यात जास्त घोळ रात्रपाळीत होतो. रविवारी रात्री १० ते सोमवारी सकाळी ६ अशी शिफ्ट असेल, तर २ तास सरत्या आठवड्याचे आणि ६ नव्या आठवड्याचे. म्हणजे सोमवार उजाडतानाच ६ तास खर्ची पडलेले असतात. म्हणून रोट्यावर १७-१८ तासच घ्या. कॅफे बंद करताना अर्धा तास इकडेतिकडे होतोच.

फूड डिलिव्हरीच्या फंदात पडू नका. ते स्वयंरोजगारात मोडतं आणि स्टुडंट व्हिसावर त्याला मुळातच परवानगी नाही. दुसऱ्याचं अकाउंट भाड्याने घेऊन चालवणं तर त्याहून वाईट.

आणखी एक गैरसमज उन्हाळ्याचा. बॅचलर्सच्या मुलांना विद्यापीठाच्या सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळ्यात प्रबंध चालू असतो, त्यामुळे सहसा ती सुट्टी धरत नाहीत आणि २० तासांची मर्यादा तशीच राहते. नाताळ-ईस्टरच्या सुट्ट्यांच्या तारखांचं पत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन मालकाला द्या.

अभ्यासाचं गणितही मांडून बघा. एक वर्षाच्या मास्टर्सचे १८० क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने १,८०० तास, वर्षभरात आठवड्याला साधारण ३५-३६. त्यात कामाचे २० मिळवले की ५५. जमतं, पण डेडलाइनच्या आठवड्यात नाही. मॉड्यूल हँडबुक हातात पडलं की त्याच दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरवर टाका आणि प्रत्येक तारखेच्या आधीचे दहा दिवस कामाचे तास निम्मे करा. मॅनेजरला हे रोटा लागायच्या आधी लेखी कळवा. रोटा लागल्यावर सांगितलं तर पुढच्या शिफ्टा आटतात. डिसेंबरमध्ये दुकानांची नाताळची गर्दी आणि असाइनमेंट एकदमच अंगावर येतात. ‘शिफ्ट होती’ हे कारण मुदतवाढीसाठी सहसा धरलं जात नाही.

आता टॅक्स. दुसऱ्या नोकरीच्या स्टार्टर चेकलिस्टमध्ये (रुजू होताना भरायचा टॅक्सचा फॉर्म) ‘सी’ पर्याय, म्हणजे ‘माझी आणखी एक नोकरी आहे’, निवडायचा. मग तिथे सहसा ‘बीआर’ हा टॅक्स कोड लागतो आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातात. घाबरू नका, आणि कापणी टाळायला दोन्हीकडे ‘ए’ (ही या टॅक्स वर्षातली पहिलीच नोकरी) तर अजिबात भरू नका. नंतर बिल येऊ शकतं. टॅक्स वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. सप्टेंबरअखेर काम सुरू केलं, तर २०२५-२६ च्या १२.२१ पौंड किमान वेतनाने मार्चपर्यंत जेमतेम साडेसहा हजार होतात. करमुक्त मर्यादा १२,५७० ची, म्हणजे कापलेलं सगळं परत मिळतं. तेवढं थांबायचं नसेल तर एचएमआरसीला (ब्रिटनचं कर खातं) सांगून ही मर्यादा दोन नोकऱ्यांत वाटून घेता येते. नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) मात्र प्रत्येक नोकरीचा वेगळा मोजतात; त्या वर्षी एका मालकाकडे आठवड्याला २४२ पौंडांच्या आत राहिलात तर काही कापलं जात नाही.

पगारी रजा झीरो-अवरवाल्यांनाही लागू आहे: कामाच्या तासांच्या १२.०७ टक्के, म्हणजे १०० तासांमागे सुमारे १२ तास. काही मालक ती तासाच्या दरातच मिळवून देतात. पेस्लिपवर वेगळी ओळ दिसली नाही तर विचारा. नोकरी सोडताना उरलेल्या रजेचे पैसे आणि पी४५ (तोवरचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद) दोन्ही मागून घ्या.