सोलापुरातल्या उन्हाळी सावलीचा नकाशा कसा करावा

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य शहराच्या थेट माथ्यावर येतो आणि दुपारी १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास उंच इमारतीचीही सावली तिच्या पायथ्याशीच गोळा होते. म्हणून एकच नकाशा करून भागत नाही, सकाळी ९.१५, दुपारी १२.२० आणि दुपारी ३.३० असे किमान तीन नकाशे करावेत.

इमारतींचे काम सोपे आहे. मजल्यामागे अंदाजे ३ मीटर धरून उंची लिहावी. या दिवसांत ९.१५ आणि ३.३० या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, त्यामुळे सावलीची लांबी जवळजवळ उंचीइतकीच भरते. तिमजली घराची ९ मीटर सावली सकाळी पश्चिमेकडे आणि दुपारी पूर्वेकडे पडते. याचा अर्थ असा की, दक्षिणोत्तर रस्त्यावर दुपारी पश्चिमेकडचा पदपथ झाकला जातो. पूर्व-पश्चिम रस्त्यावर मात्र ऊन रस्त्याच्याच दिशेने धावते आणि दोन्ही बाजूंच्या इमारती असून नसल्यासारख्या होतात.

झाडांना वेळ द्यावा लागतो, कारण भर दुपारी पादचाऱ्याला आधार उरतो तो त्यांचाच. झाडाची उंची काढण्यासाठी १ मीटरची काठी उभी धरावी, काठीची आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजावी आणि झाडाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागावे. झाडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या सावलीच्या टोकापर्यंत मोजावी. बुंध्याच्या कडेपासून मोजण्याची चूक मीही केली आहे. फांद्या-पानांच्या घेराचा विस्तार दोन दिशांना टेपने मोजून त्याचे वर्तुळ काढावे, कारण माथ्यावरच्या सूर्यात सावली म्हणजे तेच वर्तुळ. शिवाय दाट आणि विरळ असा भेद नोंदवावा: कडुलिंब आणि वडाखाली जमिनीवर उन्हाचे मोजके कवडसे दिसतात, तर मे महिन्यात फुलांनी लाल झालेल्या गुलमोहराला पाने कमी असतात आणि त्याची सावली जाळीदार पडते.

संगणकावर काम करायचे असल्यास क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमधील यूएमईपी हे जोडसाधन इमारती आणि झाडांच्या उंचीवरून ठरावीक वेळेची सावली काढून देते. एका गल्लीपुरते चौकटीचा कागद आणि दोन रंग पुरेत.

यानंतर माणसाचा मार्ग नकाशावर आखावा. विड्या देण्यासाठी कारखान्यापर्यंत चालत जाणारी विडी कामगार स्त्री किती मिनिटे उन्हात आणि किती मिनिटे सावलीत असते, हे तुकड्या-तुकड्याने लिहावे. सावलीत हवेचे तापमान फारसे उतरत नाही. थांबते ते थेट ऊन, आणि अंगावरचा भार त्यामुळेच हलका होतो. म्हणून भिंतीवरच्या तापमापकाच्या आकड्यावर विसंबू नये. सिग्नल, बसथांबा आणि पाण्याची रांग यांवर वेगळी खूण करावी, कारण तिथे माणूस चालत नसून उभा असतो. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहावी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने हाच नकाशा तेव्हा चालणार नाही.